न मेलेल्या माश्या

सोमकुवर बाईंना मेलेल्या किड्याचं फारसं काही वाटत नसे. त्यांना धास्ती असायची ती न मेलेल्याची. "मेला तं दिसते तरी," त्या म्हणायच्या. "जिता राहिला का सारे म्हणतात, काही नाही झालं. पाह्य, मग बोल."

हे "पाह्य, मग बोल" आम्ही दिवसातून कितीदा ऐकत असू. चहा गोड आहे म्हटलं तरी बाई एक घोट घेऊन, थांबून, मगच मान हलवायच्या.

सौंसरला बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर शेतकऱ्यांच्या एका संस्थेची इमारत होती. पुढे बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, मधे औषधांचं गोदाम आणि सगळ्यात मागे, एका भिंतीआड, दोन खोल्यांची आमची प्रयोगशाळा. मी पांढुर्ण्याची. शेतकीची पदवी घेऊन तिथं मदतनीस म्हणून लागले तेव्हा प्रमिला सोमकुवर तिथल्या प्रमुख होत्या. कीटकशास्त्रातल्या डॉक्टर, पन्नाशी ओलांडलेल्या, बिनलग्नाच्या. सुती साडी, रबरी चपला, आणि बोलणं थेट त्यांच्या गावचं, बोरगावचं, मग समोर शेतमजूर असो की भोपाळहून आलेला साहेब.

पहिल्या दिवशी त्यांनी मला दारातच अडवलं, मानेजवळ नाक आणून वास घेतला.

"केसाले काय लावलं?"

"तेल. चमेलीचं."

"घरी जाय. रिठ्यानं डोकं धुऊन उद्या येजो. आज आत पाय नाही टाकायचा."

मी आल्या बसनं परत पांढुर्ण्याला गेले. आईनं विचारलं, नोकरी लागली की गेली?

आमचं काम एका माशीचं. माशी म्हणायची इतकंच, मोहरीच्या दाण्यावर दोन-तीन सहज बसतील एवढीशी. बोंडअळीचा पतंग पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, अंडी घालतो, ही माशी त्या अंड्यात आपलं अंडं घालते. मग त्यातून अळीच्या ऐवजी माशीच बाहेर पडते आणि बोंड वाचतं. आम्ही धान्यात होणाऱ्या एका निरुपद्रवी पतंगाची अंडी कार्डावर डिंकानं चिकटवून माश्यांना द्यायचो. माशीनं आपलं काम केलं की ते अंडं काही दिवसांत काळं पडायचं. असं काळं झालेलं कार्ड शेतकरी घेऊन जायचे, पट्ट्या कापून पानामागे टाचायचे.

एवढ्याशा जिवाला कशानंही बाधा होते, म्हणून बाईंचे नियम. उदबत्ती नाही, कापूर नाही, मच्छर-अगरबत्ती नाही, पावडर नाही. आणि संत्रं नाही. संत्र्याच्या सालीतलं तेल किड्यांना सोसत नाही. मृगाचा बहार आला की सगळ्या सौंसरभर संत्र्याचा वास भरलेला असायचा, लोक पिशव्या भरभरून आणून द्यायचे, आणि बाई फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या राहून संत्रं सोलून खायच्या. जाणारे-येणारे बघायचे. मग नळावर कोपरापर्यंत हात धुऊन आत.

एकदा जिल्ह्याचे एक मोठे अधिकारी पाहणीला आले. अंगाला अत्तराचा घमघमाट. संस्थेचे अध्यक्ष हारतुरे घेऊन मागे. बाईंनी दार लावून घेतलं आणि काचेतून हात जोडले. साहेब बाहेरूनच, काचेला नाक लावून, माश्यांच्या बरण्या बघत राहिले. नंतर अध्यक्ष चिडून म्हणाले, "मॅडम, तुम्ही सायबाले बाहेर ठेवलं."

"सायब उद्या बिनवासाचा साबण लावून आले तं उद्या घेईन," बाई म्हणाल्या. त्यांना त्यात विनोद वाटला नाही. आम्हाला मात्र त्या दिवशी डबा खाताना हसू आवरेना.

कार्डांचं पहिल्यापासूनचं गिऱ्हाईक म्हणजे मधुकर, बाईंचा धाकटा भाऊ. बोरगावला त्याची तीन एकर पऱ्हाटी. बाई त्याच्याच घरी राहायच्या. मधुकर, त्याची बायको रंजना आणि दोन मुली. तो खर्रा खायचा आणि तंबाखूही आमच्याकडे वर्ज्य, म्हणून तो उंबऱ्याबाहेर उभा राहून हाक मारायचा.

"ताई, कारड."

"तोंड धुतलं?"

"धुतलं ना."

"दाखव."

चाळिशीचा माणूस, दोन पोरींचा बाप, शाळेतल्या मुलासारखा आ वासून दाखवायचा. बाई वाकून बघायच्या आणि कार्ड हातात द्यायच्या. ताईच्या शब्दावर त्यानं कित्येक वर्षांत पऱ्हाटीवर फवारा मारला नव्हता. पंप माळ्यावर टाकून दिला होता. शेजारी हसायचे, पण त्याची बोंडं त्यांच्यापेक्षा वाईट नसायची.

पांढुर्णा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कार्ड नेहमीसारखंच काळंभोर होत होतं, माश्याही निघत होत्या. एका दुपारी बाईंनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं.

"हे काय आहे?"

नराच्या मिशांना लांब केस असतात, मादीच्या मिशा टोकाला गदेसारख्या फुगीर. मी बघितलं. "नर."

"आता हे."

"नर."

"हे?"

बराच वेळ आम्ही तेच करत राहिलो. मधेच एखादी मादी आली की मला बरं वाटायचं. बाईंचा चेहरा हलला नाही. शेवटी त्यांनी दिवा मालवला.

अंडं घालते ती मादी. आणि या माशीत एक गोष्ट अशी आहे की नराशी संग न झालेली मादीसुद्धा अंडी घालते, पण त्यातून नुसते नरच निघतात. म्हणजे नर-मादी एकमेकांना ओळखेनासे झाले होते, की ओळखूनही जवळ येत नव्हते. काही असो, कार्ड काळं होतं, त्यातून जिवंत माशी निघत होती, आणि शेतात ती काहीएक कामाची नव्हती.

बाईंनी आधी धान्य बदललं, मग मध बदलला. खोलीतला ओलावा पाहिला. मग एक दिवस स्टुलावर चढून त्यांनी गोदामाकडच्या भिंतीतल्या रोशनदानाच्या झरोक्याला नाक लावलं आणि तशाच उभ्या राहिल्या. त्या वर्षी गोदामात माल दुप्पट भरला होता. पलीकडे छतापर्यंत खोकी. मलाही वास आला, अगदी हलका. रोज त्यात वावरून आम्हाला तो कळेनासा झाला होता.

"पण बाई, माश्या मरून नाही राहिल्या," मी म्हणाले.

"पाह्य, मग बोल," त्या म्हणाल्या आणि स्टुलावरून उतरल्या.

नागपूरच्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेतून त्यांनी माश्यांचं नवं बीज आणलं आणि त्याचे दोन भाग केले. एक भाग थेट बोरगावला, मधुकरच्या घरातल्या आतल्या खोलीत. दुसरा भाग एका पिढीपुरता आमच्या भिंतीजवळच्या मांडणीवर आणि मग तोही बोरगावला, त्याच खोलीत, वेगळ्या बरण्यांत. या माशीची पिढी दहा-बारा दिवसांची. भिंतीजवळ राहिलेली पहिली पिढी बघायला ठणठणीत होती. तिच्या लेकी जरा मंद. नातवंडांची बरणी उघडली तेव्हा त्यात जवळजवळ सगळे नरच होते. जे कधीच सौंसरला आले नव्हते त्या भागात सगळं ठीक होतं.

बाईंनी ती बरणी उजेडाकडे धरली. "हे बोरगावातच जन्मलेले," त्या म्हणाल्या. "यांच्या मायाही बोरगावच्याच. त्या भिंतीपाशी होती ती यांची आजी."

अध्यक्षांकडे त्या मला घेऊन गेल्या. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला.

"माश्या मरून राहिल्या का, मॅडम?"

"नाही."

"कारड काळं होते ना?"

"होते. पण नर निघून राहिले. नर अंडं नाही घालत. हे कारड लावलं काय अन् कोरा कागद लावला काय, सारखंच. यंदा वाटप बंद करा. माह्यापाशी चांगलं बीज थोडं आहे, ते वाढवून पुढच्या वर्षी देतो. अन् गोदाम हलवा."

अध्यक्षांनी चहा बशीत ओतला. "गोदाम कुठं हलवू? संस्था दवाईवर चालते, मॅडम, कारडावर नाही चालत. कारडं कावून ठेवली आहेत तं सायब लोकाईले दाखवाले. आता बंद केली तं मी काय सांगू, आमच्याच दवाईनं आमच्याच माश्या बिघडल्या?"

"तेच सांगा."

ते हसले, पण त्यांना हसू येत नव्हतं हे मला दिसत होतं. "शेतकऱ्याले काळं कारड पाह्यजे. ते आहे. चहा घ्या."

बाईंनी चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या दुकानात गल्ल्याजवळ खुर्ची टाकून बसू लागल्या. कार्ड मागायला कोणी आलं की म्हणायच्या, "हे नेऊ नका. मीच बनवलं आहे. याच्यात दम नाही राहिला." शेतकरी गोंधळायचे. एक म्हातारा म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तं सांगतलं होतं का फवारा नका मारू."

"तेव्हा सांगतलं. आता हे सांगून राहिली."

"मग आता काय मारू?"

बाजूलाच नोकर औषधांचे डबे काढून देत होता. काहींनी कार्ड तरीही नेलं. बहुतेकांनी डबे नेले.

मधुकरलाही त्यांनी त्याच शब्दांत सांगितलं. मी त्या दिवशी बरण्यांच्या नोंदी घ्यायला बोरगावला गेले होते. तो अंगणात बसून विळ्याला धार लावत होता.

"मधू, यंदा कारडाच्या भरवशावर राहू नको."

"मग, ताई?"

"तुह्या वावरात अळी दिसली का मारावं लागंन काहीतरी. पुढच्या साली मी चांगलं कारड देतो तुले."

"बरं," मधुकर म्हणाला. त्यानं कधी तिच्याशी वाद घातल्याचं मी पाहिलं नाही.

भादव्याच्या शेवटी गुलाबी अळी दिसली. फुलं मिटलेलीच राहायला लागली. मधुकरनं माळ्यावरून पंप काढला. शेजाऱ्यानं दोन औषधं एकत्र करून मारली होती, यानंही तशीच मिसळली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, नळी वर धरून मारायची, म्हणजे सगळा फवारा तोंडावर. जुन्या पंपाचं रबर वाळून चिरलं होतं, पाठीवरून औषध झिरपत कमरेपर्यंत आलं. ऊन मरणाचं, वारा बिलकुल नाही. सवय असलेला माणूस मधे थांबतो, अंग धुतो. मधुकरची सवय मोडली होती. त्याला वावर एका दिवसात संपवायचं होतं.

दुपारी तो घरी आला तेव्हा डोळ्यापुढं धुकं दिसतं म्हणाला. भिजल्या कपड्यानिशी आतल्या खोलीत, बरण्यांच्या मांडणीखाली गार फरशीवर आडवा झाला. रंजनाला वाटलं, ऊन लागलं. तिनं लिंबूपाणी दिलं, ते तोंडातून बाहेर आलं. लाळ थांबेना. शेजाऱ्याच्या गाडीतून सौंसरला आणलं. बाई प्रयोगशाळेतून धावत दवाखान्यात गेल्या, मी मागे. मधुकरनं बहिणीला ओळखलं. काहीतरी बोलला, ते कळलं नाही. तिथून नागपूरला न्यायला सांगितलं. बाई गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. सावनेर ओलांडल्यावर थोड्या वेळानं तो गेला.

घरी बुद्धवंदना झाली, लोक येऊन गेले. मी रंजनाजवळ बसले होते. बाई भिंतीला टेकून. रंजनानं विचारलं, "ताई, त्या दिवशी त्याईचे कपडे मीनं धुतले. पोरी जवळच होत्या. तुम्ही माश्याईचं सांगत होता ना, आजीचं नातीले येते म्हून. माह्या पोरींले काही होईन का?"

खोलीत सगळे बाईंकडे बघू लागले. दुसरं कोणीही असतं तर म्हणालं असतं, नाही गं, काही होत नाही. मीसुद्धा तेच म्हणणार होते.

"मले माशीचं माहीत आहे, रंजना," बाई म्हणाल्या. "माणसाचं मी पाह्यलं नाही."

रंजनानं पदर डोक्यावरून पुढे ओढला. त्यानंतर ती बाईंशी बोलली नाही. बाईंनी थोड्याच दिवसांत सौंसरला एक खोली भाड्यानं घेतली. मला त्या वेळी बाईंचा राग आला होता. एवढं खोटं बोलायला काय जात होतं? पुढे वाटलं, आयुष्यभर एक गोष्ट सांभाळलेल्या माणसाला ती नेमकी त्या घटकेला टाकून द्यायला सांगणं हेही सोपं नव्हतं.

बोरगावच्या बरण्या त्या मांडणीवर तशाच होत्या. चांगलं बीज त्यांतच होतं. खाली मधुकर भिजल्या कपड्यांनी पडला होता, अंगावरून काढलेले कपडे धुवेपर्यंत त्याच खोलीत एका बादलीत राहिले होते. बाई बरण्या घेऊन प्रयोगशाळेत आल्या. एकही माशी मेलेली नव्हती. काचेवरून वर-खाली पळत होत्या, उजेडाकडे जात होत्या. मी म्हणाले, "या चांगल्या आहेत, बाई."

"आज आहेत."

त्या थांबल्या. दोन पिढ्या वाट पाहिली. मग एका सकाळी त्यांनी मला बोलावलं, आम्ही पुन्हा शेजारी शेजारी बसून मोजलं आणि जे त्यांना ठाऊक होतं तेच निघालं. नागपूरला फोन केला, तिथंही ते बीज उरलं नव्हतं.

बाईंनी प्रयोगशाळेतली सगळी कार्डं, सगळ्या बरण्या एकेक करून मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवायला घेतल्या. गेली कित्येक वर्षं त्या खोलीतली माशी एक दिवसही खंडली नव्हती. त्यासाठी त्यांनी दिवाळ्या तिथं काढल्या होत्या.

"सोडून दिल्या तं?" मी विचारलं. "बाहेर जगतील तेवढ्या जगतील."

"बाहेर ज्या चांगल्या उरल्या असतीन, त्याईच्यात हे मिसळतीन. नको." त्यांनी फ्रीजरचं झाकण लावलं आणि त्यावर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी मधूले खरं सांगतलं म्हून तो गेला."

मी म्हणाले, "असं नका म्हणू."

"पाह्य ना, तसंच आहे. खोटं सांगतलं असतं तं बोंडं गेली असती. बोंडंच गेली असती फक्त."

फ्रीजरचा आवाज तेवढा येत होता.

अध्यक्षांनी नोटीस दिली, बाईंनी त्याआधीच राजीनामा लिहिला होता. प्रयोगशाळेच्या दोन खोल्या गोदामाला जोडल्या. मला पांढुर्ण्याला शाळेत नोकरी मिळाली. आता मी विज्ञान शिकवते.

गेल्या दसऱ्याच्या आधी मी रामाकोन्याला नात्यातल्या एका लग्नाची बोलणी करायला गेले होते. तिथं कोणीतरी सांगितलं की सोमकुवर मॅडम अधूनमधून कन्हानच्या काठावर दिसतात. मी चालत गेले. नदी आणि एका पऱ्हाटीच्या वावराच्या मधे रानभेंडी आणि बेशरमाच्या झुडपांची दाट पट्टी आहे, तिथं त्या उकिडव्या बसल्या होत्या. बऱ्याच वाळल्या होत्या. पतंगाची अंडी चिकटवलेले पांढरे तुकडे त्यांनी पानामागे टाचले होते. रानातली एखादी मूळची माशी येऊन त्यात अंडं घालते का, एवढंच बघायचं. घरी धान्यातल्या त्या पतंगाची एक टोपली त्यांनी सांभाळली होती.

"किती ठिकाणी लावून पाह्यलं," त्या म्हणाल्या. "पार जंगलाच्या कडेपर्यंत. कुठीच काही नाही. सारे पांढरेच." मग त्यांनी एक पान उलटं केलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. "इथं पाह्य."

मी पाहिलं. पांढऱ्यांमध्ये थोडी अंडी काळी झाली होती.

"संग झालेल्या मादीनं घातली असतीन तं लेकी निघतीन," मी म्हणाले.

"निघू दे, मग बोल." पण त्यांचा आवाज बदलला होता. दोन-चार दिवसांत कळणार होतं.

तेवढ्यात वावरात माणूस आला. पाठीवर पंप, अंगात बनियन, तोंड उघडं. काठाकडून, आमच्या बाजूनं त्यानं सुरुवात केली. वारा नदीकडे वाहत होता, म्हणजे वावराकडून आमच्याकडे. तो आमच्याकडे पाठ करून, वाऱ्यासमोर चालत होता, आणि प्रत्येक फवारा उलटून त्याच्याच तोंडावर येत होता. सगळं त्याच्या अंगावर बसत होतं, आमच्यापर्यंत फारसं काही येत नव्हतं.

बाई उठल्या. मला वाटलं, आज मारू नको म्हणून विनवतील. त्या बांध ओलांडून त्याच्याजवळ गेल्या.

"कावून रे दादा, वाऱ्याच्या तोंडाले चालून राहिला? सारं तुह्याच नाकात जाऊन राहिलं."

"इकडून सोपं पडते, बाई."

"नाही. तिकडच्या धुऱ्यावरून धर. वारा पाठीवर घे. मंग दवाई तुह्यापासून पुढं जाते, नदीकडं." त्यांनी नदीकडे हात केला. नदीकडे म्हणजे त्या झुडपांच्या पट्टीकडे. त्यानं एकदा तिकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. त्याला त्यात काही विशेष दिसलं नाही. बाईंनी खांद्यावरचा पंचा काढून त्याच्या नाकातोंडावर बांधला, मागे गाठ घट्ट केली, मग त्याच्या पंपाच्या बुडाशी हात फिरवून ओल आहे का बघितली.

तो पलीकडच्या धुऱ्याला गेला. मी म्हणाले, "बाई, आपण ते तुकडे काढून घेऊ."

"काढून कुठं नेतं? माह्या खोलीखाली दवाईचं दुकान आहे."

पांढुरका फवारा पऱ्हाटीवरून सरकत झुडपांपर्यंत आला आणि पानांवर बसला. आम्ही पदर नाकाला लावून बाजूला उभ्या राहिलो. माझ्या बसची वेळ होत आली होती. मी निघाले तेव्हा तो माणूस पंप भरायला पुन्हा विहिरीकडे चालला होता आणि बाई बांधावरून त्याला सांगत होत्या, "दादा, आधी हात धू. मंगच पाणी पेजो."